फ्यूजला गळा असतो काय ?

घरगुती ध्वनियंत्रांच्या शौकिनांमध्यें गेल्या वीसपंचवीस वर्षांत एक वाद माजला आहे, आणि तो आतां अमेरिका व जपान सोडून आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरांतील गल्ल्यांपर्यंत येऊन पोंचला आहे. वाद असा : अँप्लिफायरच्या पाठीमागें, जेथून वीज आंत शिरते तेथें, बोटाच्या पेराएवढा कांचेचा फ्यूज बसविलेला असतो. तो काढून त्याच्या जागीं परदेशाहून मागविलेला भारी मोलाचा फ्यूज बसविला, तर गाण्याचा आवाज सुधारतो कीं नाहीं ? सुधारतो असें म्हणणारे लोक अडाणी नव्हेत. त्यांत डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, वर्षानुवर्षें मन लावून गाणें ऐकणारे रसिक आहेत. नवा फ्यूज बसवितांच तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकूं येतात, गायकानें श्वास कोठें घेतला तें कळतें, मध्यें लोंबत असलेला पडदा कोणीं दूर सारल्यासारखें वाटतें, अशी ग्वाही ते प्रांजळपणें देतात. नाहीं म्हणणारे लोक हंसतात. आणि हंसण्यानें असा वाद मिटत नाहीं, उलट चिघळतो.

आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. विजेच्या वाटेवर बसविलेल्या फ्यूजमुळें गाण्यांत कानास कळेल असा फरक पडत नाहीं. ज्यास पडतो असें वाटतें, त्यानें तो डोळे मिटून ओळखून दाखवावा, म्हणजे आम्ही आपलें मत बदलूं. परंतु लेखणी हातीं धरण्याचें कारण एवढेंच नाहीं. या वादाच्या भरांत फ्यूज मुळांत कशासाठीं असतो हेंच लोक विसरूं लागले आहेत, आणि तें विसरणें पैशांच्या नासाडीहून फार महाग पडणारें आहे.

फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. प्रवाह ठराविक मर्यादेबाहेर वाढला कीं ती तापते, वितळते आणि तुटते; तिच्या तुटण्यानें पुढील यंत्र व घर वांचतें. थॉमस एडिसन यानें घरोघर वीज नेण्याची जी योजना उभारली, तिचाच एक भाग म्हणून त्यानें इ. स. १८९० मध्यें फ्यूजचें पेटंट घेतलें. अँप्लिफायरमधील नेहमीचा फ्यूज २० मिलिमीटर लांब व ५ मिलिमीटर जाड असतो. दोन्ही टोंकांस धातूच्या टोप्या, मध्यें कांचेची नळी, आणि नळींतून केसासारखी बारीक तार. विजेच्या सामानाच्या दुकानांत तो पांचदहा रुपयांस मिळतो. शौकिनांसाठीं म्हणून विकला जाणारा फ्यूज मापानें अगदीं तेवढाच. मात्र त्याच्या टोप्यांवर सोन्याचा मुलामा असतो, नळी बहुधा चिनी मातीची असते, आंतील तार चांदीची आहे असें कोणी सांगतो, कोणी लक्षावधि व्होल्टांचा झोत सोडून धातूचा स्वभाव पालटल्याचें सांगतो, आणि ज्यास यांपैकीं कांहींच सांगावयाचें नसेल तो ‘क्वांटम’ या शब्दाचा आधार घेतो. अमेरिकेच्या बाजारांत असा एक फ्यूज दोनशें डॉलरांस सहज विकला जातो, व त्याहून कितीतरी महागही आहेत. दोनशें डॉलर म्हणजे आपले सतरा हजार रुपये तरी झाले. जकात व टपाल निराळें. सन २०२४-२५ च्या हंगामांत केंद्र सरकारनें मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलमागें ७,१२१ रुपये हमीभाव ठरविला होता. म्हणजे सवादोन क्विंटलांहून अधिक कापूस घातला तेव्हां एक फ्यूज येतो. वऱ्हाडांतील माणसानें हा हिशेब मनाशीं एकदां करून पाहावाच.

अर्थात् वस्तु महाग आहे एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाहीं. उत्तम सतारही महागच असते. म्हणून वीज या फ्यूजपर्यंत कोठून व कशी येते तें पाहूं. आमच्या जिल्ह्यांत, बाळापूर तालुक्यांत, पारस येथें कोळशावर चालणारें विद्युत्केंद्र आहे. त्यांत अडीचअडीचशें मेगावॅटचे दोन संच आहेत. तेथील असो वा राज्याच्या जाळ्यांतून दुसरीकडून आलेली असो, वीज कित्येक कोस ॲल्युमिनियमच्या जाड तारांतून धांवते, उपकेंद्रांत उतरते, आणि गल्लीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या रोहित्रांत, ज्यास आपण सारे डी. पी. म्हणतों त्यांत, येते. तेथें लाइनमननें हातानें पिळून बसविलेली फ्यूजची तार असते. तेथून ती खांबावरून घरांत, मीटरमधून, मग जुन्या घरांत चिनी मातीच्या किटकॅटमधून किंवा नव्या घरांत एम. सी. बी. मधून, भिंतींतल्या वायरींतून व सॉकेटमधून वाट काढीत शेवटीं त्या २० मिलिमीटरांच्या नळीशीं येऊन ठेपते. या साऱ्या वाटेंत कोठेंही सोन्याचा मुलामा नाहीं. दगडधोंड्यांची वाट तुडवून आलेल्या पाहुण्यासाठीं उंबऱ्यापाशीं दोन बोटें मखमल अंथरली, तर त्याच्या पायांस तें काय कळणार ?

आकडेही पाहूं. दोनतीन अँपिअरच्या साध्या फ्यूजचा रोध ओहमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. अँप्लिफायर एक अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्या फ्यूजवर खर्चीं पडणारा दाब व्होल्टाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी भरतो. घरांत येणारा दाब २३० व्होल्टांचा. म्हणजे दोन हजारांत एक भागही तेथें जात नाहीं. उलट मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला म्हणजे संध्याकाळीं गल्लींतले सगळे कूलर एकदम सुरू होतात, आणि हाच दाब पांचदहा व्होल्टांनीं सहज खालीं येतो. त्या वेळीं तंबोरा अस्पष्ट झाला अशी तक्रार आम्हीं कोणाही शौकिनाकडून ऐकलेली नाहीं. ज्या यंत्रास दहा व्होल्ट जाणवत नाहींत, त्यास व्होल्टाचा दहावा हिस्सा जाणवतो, हें मानावयास मन घेत नाहीं.

न जाणवण्याचें कारण यंत्राच्या रचनेंतच आहे. या फ्यूजमधून गाणें जात नाहीं, नुसती वीज जाते. ती पुढें ट्रान्सफॉर्मरमध्यें जाते, डायोडांमधून निघून एकाच दिशेची होते, व मोठ्या कपॅसिटरांत सांठविली जाते. स्पीकर हलविणारा प्रवाह या सांठ्यांतून घेतला जातो. आमच्या शहरास महानच्या काटेपूर्णा धरणाचें पाणी येतें. नळ आला म्हणजे आपण टाकी भरून ठेवतों, आणि मग टाकीच्या तोटीनें लागेल तसें पाणी घेतों. नळाच्या तोंडाशीं पितळेच्या चकतीऐवजीं चांदीची चकती घातली म्हणून टाकीच्या तोटीची धार गोड होत नाहीं.

आणखी एक गंमत सांगावयाची राहिली. या फ्यूजांपैकीं कित्येकांवर बाण काढलेला असतो, व तो कोणत्या दिशेस असावा याविषयीं सूचनाही दिलेल्या असतात. उलटा बसविल्यास आवाज कोंदतो म्हणे. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० फेरे करते, म्हणजे सेकंदांत १०० वेळां आपली दिशा पालटते. अर्धा वेळ ती बाणाच्या दिशेनें जाते, अर्धा वेळ बाणाच्या विरुद्ध. ही गोष्ट आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. मोर्णा नदीच्या दगडी पुलावर एकेरी वाहतुकीची पाटी लावावी आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या खुशाल सोडून द्याव्या, तसा हा बाण आहे.

येथें एका गोष्टीची नोंद न केल्यास आमच्या हातून पक्षपात घडेल. फ्यूज जर विजेच्या वाटेवर नसून अँप्लिफायर व स्पीकर यांच्या मध्यें बसविला असेल, तर मात्र गोष्ट निराळी. तेथून खरोखरच गाणें जातें. खर्जाच्या स्वरांत प्रवाह इतक्या संथपणें चढतो व उतरतो कीं, तेवढ्या अवधींत फ्यूजची बारीक तार थोडी तापते व थोडी निवते. तापली कीं तिचा रोध वाढतो, निवली कीं कमी होतो. आणि त्यामुळें मूळ स्वरांत नसलेले, विशेषतः त्याच्या तिपटीचे, सूक्ष्म स्वर त्यांत मिसळतात. ही विकृति यंत्रानें मोजतां येते. डग्लस सेल्फ या इंग्रज अभियंत्यानें अँप्लिफायरच्या रचनेवरील आपल्या ग्रंथांत ती मोजून दाखविली आहे. पण तिच्यावरचा उपाय सोन्याच्या टोप्या हा नव्हे. तेथील फ्यूज काढून स्पीकरच्या रक्षणाची दुसरी सोय करणें, किंवा त्यास अँप्लिफायरच्या फीडबॅकच्या वर्तुळांत घेणें, हा होय. आणि चांगले यंत्ररचनाकार तें पूर्वींपासून करीत आले आहेत. सांगण्याचें तात्पर्य, फ्यूजनें आवाज बदलूंच शकत नाहीं असा आमचा हट्ट नाहीं. तो कोठें बसला आहे तें आधीं पाहा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

‘वस्तु लहान असली तरी फरक मोठा पडतो,’ असें समर्थक म्हणतात. तत्त्व म्हणून तें आम्हांस पूर्ण मान्य आहे. मिरजेच्या कारागिरांचा तंबोरा जुळवितांना ज्यानें पाहिला असेल त्यास तें सांगावयास नको. घोडीवर, तारेच्या खालीं, सुताचा एक धागा सरकविलेला असतो. तो किंचित् मागेंपुढें झाला कीं बोदा वाटणारा स्वर एकाएकीं झणझणूं लागतो. जवारी लागली, असें आपण म्हणतों. त्या धाग्यास बाजारांत किंमत नाहीं. तरी दाराआड बसलेल्या, तो धागा कधीं दृष्टीस न पडलेल्या पोरासही झालेला पालट तत्काळ कळतो. याचें कारण तो धागा स्वराच्या प्रत्यक्ष वाटेंत आहे. कंप पावणारी तार त्याच्याशींच खेळत असते. आणि जवारी लागलेली कळावी म्हणून आधीं कोणास धाग्याची किंमत सांगून ठेवावी लागत नाहीं. फ्यूजच्या बाबतींत नेमकें याचें उलट घडतें असा आमचा संशय आहे.

हा संशय आम्हीं एका गृहस्थांपुढें बोलून दाखविला. जुन्या शहरांत त्यांचें वडिलोपार्जित घर आहे. नोकरींतून निवृत्त झालेले, गाण्याचे खरे दर्दी आणि स्वभावानें सरळ. परदेशीं असलेल्या मुलानें त्यांस असा फ्यूज पाठविला होता, व तो पाहावयास आम्ही गेलों होतों. आम्ही आकडे काढूं लागतांच त्यांनीं हातानें थांबविलें. ‘सर, आधी आयकून त पाहा, मंग बोला,’ ते म्हणाले. आम्हीं ऐकलें. आवाज खरोखर सुरेख होता. मग आम्हीं विचारलें कीं, कोणता फ्यूज बसविला आहे तें तुम्हांस न सांगतां दहा वेळां ऐकविलें, तर ओळखाल काय ? ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘संशय घेऊन गानं आयकता येत नाही, सर,’ ते म्हणाले. ‘परीक्षेले बसल्यावानी आयकलं, त कानच बंद होते.’

हें उत्तर हंसून सोडून देण्याजोगें नाहीं. परीक्षेच्या धाकानें येत असलेलें उत्तरही विसरणारे विद्यार्थी आम्ही नित्य पाहतों, आणि गाणें ऐकणें म्हणजे गणित सोडविणें नव्हे. परंतु डोळे मिटल्यानें कान खरोखरच बंद होतात काय, हें पाहण्याचे प्रयत्न झालेले आहेत. इ. स. २०१० मध्यें अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें २१ निष्णात व्हायोलिनवादकांस सहा व्हायोलिनें देण्यांत आलीं. तीन नवीं, तीन जुनीं, आणि जुन्यांपैकीं दोन स्ट्रॅडिव्हेरियस याच्या हातचीं, ज्यांची किंमत ऐकून छाती दडपावी. वादकांच्या डोळ्यांवर असे चष्मे चढविले होते कीं वाद्य ओळखूं येऊं नये. ते वादक बधिर झाले नाहींत. त्यांनीं वाजविलें, ठाम आवडीनिवडी सांगितल्या, हें घरीं न्यावयास आवडेल व हें नको असें निःशंकपणें म्हटलें. मात्र बहुतेकांची पसंती नव्या वाद्यास पडली, आणि सर्वांत नावडतें ठरलें तें एक स्ट्रॅडिव्हेरियस. हा प्रयोग क्लॉडिया फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ मध्यें प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं १९९४ मध्यें फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं तेच स्पीकर लोकांस एकदां उघडपणें व एकदां पडद्याआडून ऐकविले होते. उघड्या डोळ्यांनीं दिलेले गुण पडद्याआड टिकले नाहींत. मोठे व देखणे स्पीकर पडद्यामागें गेल्यावर आपलें मोठेपण राखूं शकले नाहींत. ऐकणारे लोक त्याच धंद्यांतले होते.

मग त्या गृहस्थांस फरक ऐकूं आला तो काय लबाडीचा ? मुळींच नव्हे. त्यांनीं तो ऐकला यांत आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती तो कोठून आला याविषयीं. फ्यूज बदलावयाचा म्हणजे वीज बंद करावी लागते, जुना फ्यूज खोबणींतून उपसून काढावा लागतो, नवा दाबून बसवावा लागतो. यांत पांचदहा मिनिटें जातात, आणि आवाजाचे बारकावे मनांत तितका वेळ टिकत नाहींत. कांहीं सेकंदांतच ते पुसट होतात. राहते ती आपल्या मताची आठवण, आवाजाची नव्हे. पुन्हां सुरू करतांना आवाजाची कळ केसभर पुढें गेली, तर तेंच गाणें अधिक भरदार वाटतें, आणि तें मोठें झालें आहे असें न वाटतां सुधारलें आहे असें वाटतें. शिवाय सतरा हजारांची वस्तु बसवून झाल्यावर माणूस जसा कान देऊन ऐकतो तसा तो महिनोन्महिने ऐकत नसतो. कान दिला कीं तीच तबकडी नवीन गोष्टी सांगूं लागते. एक कारण मात्र यंत्रांतलेंही असूं शकतें. आमच्याकडे उन्हाळ्यांत धूळ व पावसाळ्यांत दमट हवा. फ्यूज ज्या पितळी चिमट्यांत बसतो ते काळवंडतात, सैल होतात, आणि मग यंत्रांतून खरखर येऊं लागते किंवा तें मधूनच बंद पडतें. नवा फ्यूज बसवितांना ते चिमटे घांसले जातात व खरखर थांबते. हा गुण घांसण्याचा आहे; पांच रुपयांचा जुनाच फ्यूज काढून, पुसून, पुन्हां बसविला असता तरी तो आला असता.

इ. स. २००७ मध्यें जेम्स रँडी या अमेरिकन जादूगारानें हजारों डॉलरांची स्पीकरची तार साध्या तारेपासून डोळे झांकून ओळखून दाखविणारास दहा लक्ष डॉलर देऊं केले होते. पुष्कळ पत्रव्यवहार झाला. परीक्षा झालीच नाहीं. आम्हांस अशा डामडौलाची आवड नाहीं, आणि एवढी रक्कमही नाहीं. पण परीक्षा घेणें मुळींच अवघड नाहीं. दहा वेळां ऐकवावयाचें. प्रत्येक वेळीं कोणता फ्यूज बसवावयाचा तें नाणें उडवून ठरवावयाचें. बसविणारानें ऐकणाराच्या दृष्टीस पडावयाचें नाहीं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरूनही कांहीं कळावयास नको. नुसत्या अंदाजानें दहांपैकीं पांच उत्तरें बरोबर येणारच. आठ किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव अठरांत सुमारें एकदां, व नऊ किंवा अधिक येण्याचा शंभरांत सुमारें एकदां. म्हणून दहांपैकीं नऊ आलीं तर आम्ही निमूटपणें टोपी काढूं, व पुन्हां एकवार तशींच आलीं तर पुढील अंकांत तसें छापूं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिला तिजकडे वळतों. राजराजेश्वराच्या मंदिराच्या आसपास, जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत, भिंतीला भिंत लागून घरें उभीं आहेत. कित्येकांत अजून सागाच्या तुळया आहेत, लाकडी जिने आहेत, वर धाब्याचें छप्पर आहे. अशा कित्येक घरांत किटकॅट उघडून पाहा. तार वारंवार जाते म्हणून कोणीं वायरींतला तांब्याचा पुंजकाच पिळून बसविलेला असतो, तर कोणीं सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद गुंडाळून ठेवलेला असतो. मग फ्यूज कधीं जात नाहीं, व घरच्यांस हायसें वाटतें. वस्तुतः जो जात नाहीं तो फ्यूजच नव्हे. कूलरची मोटर अडकली किंवा भिंतींतली वायर उघडी पडली, तर तुटावयाचें कोणीं ? जाड पुंजका तुटत नाहीं. मग वायरच तापते व लाकूड पेट घेतें. अशा गल्लींत आगीचा बंब किती आंत येईल, हें तेथें राहणारांनींच सांगावें.

शौकीन मनुष्य या लोकांस अडाणी म्हणेल. परंतु महागडा फ्यूज अँप्लिफायर सुरू करतांच उडाला, तर ‘एक पायरी वरच्या अँपिअरचा घ्या’ असा सल्ला कांहीं विक्रेते देतात, आणि हाच शौकीन तो ऐकतो. तो पुंजकाच झाला, फक्त सोन्याचा मुलामा दिलेला. अँप्लिफायर करणारानें जो आंकडा पाठीमागें छापला आहे तो सहज छापलेला नसतो. सावकाश उडणारा फ्यूज हवा असेल तर त्यावर टी हें अक्षर असतें, झटकन् उडणारा हवा असेल तर एफ. मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होतांना क्षणभर फार प्रवाह ओढतो, म्हणून तेथें टी लागतो. साध्या कांचेच्या २० मिलिमीटरी फ्यूजनें ३५ अँपिअर किंवा आपल्या आंकड्याच्या दसपट, यांतील जें अधिक असेल तेवढा प्रवाह न फुटतां तोडला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे. वाळू भरलेल्या चिनी मातीच्या फ्यूजनें १,५०० अँपिअर. हे गुण बाहेरून दिसत नाहींत व कानांनीं ऐकूं येत नाहींत. फ्यूजची खरी परीक्षा त्यास जाळूनच घ्यावी लागते. लाखोंनीं फ्यूज करणारा कारखाना प्रत्येक घाण्यांतले कांहीं जाळून पाहूं शकतो. सतरा हजारांचे थोडेसेच फ्यूज करणारा किती जाळीत असेल, हें आम्हांस ठाऊक नाहीं. विकत घेणारानें तें विचारावें, आणि परीक्षणसंस्थेचा शिक्का दाखवा म्हणावें.

सतरा हजार रुपये गाण्यावरच खर्च करावयाचे असतील तर आमची हरकत नाहीं. उलट आनंदच आहे. ज्या खोलींत चारी भिंती उघड्या आणि खालीं गुळगुळीत फरशी, तेथें स्वर घुमतो व शब्द चिकटतात. जाड सतरंजी घाला, एका भिंतीस पुस्तकांचें कपाट लावा, स्पीकर कोपऱ्यांतून हातभर पुढें ओढा. फरक शेजाऱ्यासही कळेल. उरलेल्या पैशांत घरांतील एखाद्या मुलास वर्षभर गाण्याची शिकवणी लावतां येईल. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या तीन तीन मिनिटांच्या तबकड्या किल्लीच्या ग्रामोफोनवर ऐकून ज्यांचे डोळे भरून येत, त्यांच्या त्या यंत्रांत फ्यूज कोठला, वीजच नव्हती.

त्या गृहस्थांस आम्हीं पुन्हां भेटून वरील परीक्षेची रीत समजावून सांगितली. दिवाळीची सुटी संपली म्हणजे एका शनिवारीं शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत येण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे. अँप्लिफायर त्यांचा, गाणें त्यांच्या आवडीचें, बसण्याची खुर्चीही त्यांचीच. मधल्या वेळीं चहा आमचा. फ्यूज बदलण्याचें काम प्रयोगशाळेचे सहाय्यक पडद्याआड करतील, आणि नाणें उडवून वहींत टिपून ठेवण्याचें काम नववीच्या दोन मुलांकडे दिलें आहे. दोन्ही फ्यूज एकाच आंकड्याचे असावेत व प्रत्येक वेळीं दोरी भिंतींतून काढल्यावांचून खोबणीस कोणीं हात लावूं नये, एवढ्याच दोन अटी आम्हीं घातल्या आहेत. निघतांना त्यांनीं आपणहून जिन्याखालचा किटकॅट उघडून दाखविला. आंत तांब्याचा पुंजका होता. तो त्यांनीं आमच्या देखत, मेन बंद करून, काढला, आणि नातवास पांच अँपिअरची तार आणावयास कोपऱ्यावरच्या दुकानांत पाठविलें.